हात पाठीमागे

मोठ्या सरांना खाणाखुणांचा इतका तिटकारा, की बस थांबवायलासुद्धा ते हात करत नसत. थांब्यावर ताठ उभे राहून खणखणीत आवाजात "थांबवा!" म्हणत. बस अर्थातच पुढे जाऊन थांबायची, आणि मग सर छत्री सावरत तिच्यामागे लगालगा चालत जायचे. पण हात वर करायचं नाव नाही.

तिटकाऱ्यामागे कारण होतं. सर ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि ती 'बोलणारी शाळा' म्हणून ओळखली जायची. मुलाला आरशासमोर बसवायचं, त्याच्या तोंडापुढे कागदाची पट्टी धरायची आणि पट्टी थरथरेपर्यंत 'प' म्हणून घ्यायचा. त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवून 'ग' कुठून निघतो ते दाखवायचं. आणि समोरचा काय बोलतो ते त्याच्या ओठांवरून वाचायला शिकवायचं. काम घाम काढणारं होतं, आणि सर ते जीव ओतून करत. मुलं एकमेकांशी हातांनी बोलायला लागली की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. हातांची चटक लागली की जीभ आळशी होते, असं त्यांचं ठाम मत. म्हणून वर्गात पाऊल टाकताना एकच हुकूम असायचा: हात पाठीमागे. सगळा वर्ग पाठीमागे हात बांधून सरांच्या तोंडाकडे टक लावून बसायचा. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे जाऊन मुलं हातांनी पोटभर गप्पा मारून घ्यायची, आणि तिथे कोणी सापडलं की त्याची काही धडगत नसायची.

सर मूळचे गणिताचे मास्तर. मुलगी जन्मली, रांगायला लागली, आणि पाठीमागे पातेलं पडलं तरी ती वळून बघेना, तेव्हा हा माणूस मुळापासून हलला. चांगली नोकरी सोडली, पोरासोरांबरोबर बाकावर बसून नवं प्रशिक्षण घेतलं, आणि स्वतःच्या लेकीला आरशासमोर बसवून बसवून 'आई' म्हणायला शिकवलं. तो शब्द तिच्या तोंडून निघाला तेव्हा सर न्हाणीघराचं दार लावून रडले होते. म्हणजे माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पण आयुष्यात एकदा मोठा बदल केला की जन्माचं काम उरकलं, असं काही लोकांना वाटतं. सर त्यातले.

घरी बायको होती, तिला शेजारीपाजारी काकू म्हणायचे आणि सर रेडिओ म्हणायचे. सकाळी डोळे उघडल्यापासून काकूंचं जे सुरू व्हायचं ते दिवा मालवेपर्यंत. दूधवाला काय म्हणाला, समोरच्या बाईने पडदे कसले भयंकर लावलेत, पावाला आज खमीर कमी पडलंय, असं सगळं. सर वर्तमानपत्रामागून "हं, हं" करत. त्यातलं निम्मंअधिक त्यांच्या कानापाशी येऊन परत जायचं. जेवणाच्या टेबलावर लेकीने हात मांडीवर ठेवायचे, बोलायचं ते तोंडाने, असा घरातही नियम होता. लेक शहाणी. नियम पाळायची, नीट तोंड उघडून मोजकंच बोलायची, आणि जेवण झालं की भांडी घासायला आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात जायची. मधलं दार लोटलेलं असायचं. आतून काकूंचं हसणं ऐकू यायचं, आणि सरांना वाटायचं, चला, मायलेकींचं बरं जमतं.

लेक मोठी झाली, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात लागली, तिथल्याच एका ऐकू न येणाऱ्या मुलाशी लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. सुट्टीच्या दिवशी येऊन वडिलांशी चार वाक्यं बोलायची. "बाबा, तब्येत बरी ना? जेवलात? गुडघा दुखतो? बरं." मग स्वयंपाकघर.

सर निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत नव्या बाई आल्या. या बाई त्याच शाळेच्या विद्यार्थिनी, स्वतः ऐकू न येणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी वर्गावर्गातून हातांची भाषा सुरू केली. बोलणं शिकवायचं ते शिकवू, पण मुलाला आधी त्याची भाषा हवी, असं त्यांनी पालकांना सांगितलं. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सगळं धुळीला मिळवलं माझं," म्हणाले. शाळेच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं, ते त्यांनी दारातूनच परत पाठवलं. शाळेवरून जाणारी बससुद्धा टाळायला लागले.

आणि मग काकूंचा घसा बसला. सर्दी असेल म्हणून महिना गेला, हवा बदलली असेल म्हणून दुसरा. तिसऱ्या डॉक्टरांनी गळ्यात नळी घालून पाहिलं आणि सरांना बाजूला बोलावलं. गाठ होती. शस्त्रक्रिया करावी लागेल, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज परत येणार नाही.

काकू हातपाय गाळून बसल्या. सर मात्र खंबीर. "अगं, तू कशाला घाबरतेस? दुसऱ्या कुणाच्या घरी असतीस तर गोष्ट वेगळी. ओठ वाचणं हा माझा आयुष्यभराचा धंदा आहे. तू नुसते ओठ हलव, मी तुझं अक्षर न् अक्षर टिपतो." काकूंना धीर आला. शस्त्रक्रियेच्या खोलीकडे नेताना त्या आपल्या खऱ्या आवाजात शेवटचं काय बोलल्या, तर "खिडकीतल्या झाडांना पाणी घाला, विसराल." सर "हं" म्हणाले.

काकू घरी आल्या. गळ्याच्या मुळाशी श्वासासाठी भोक, त्यावर जाळीचं पांढरं कापड. उशीला टेकून बसल्या, सरांकडे पाहिलं आणि ओठ हलवले.

सरांना काहीही कळलं नाही.

ते पुढे सरकले. चष्मा पुसला. "परत म्हण." काकूंनी परत म्हटलं. "पाणी?" नाही. "पंखा?" नाही. सरांच्या आवाजात नकळत वर्गातला सूर आला. "तोंड नीट उघड. घाई नको. एकेक अक्षर सुटं." काकूंनी एकेक अक्षर सुटं म्हणून पाहिलं. ते आणखीच अगम्य झालं. काही अक्षरं ओठांवर दिसतात, काही घशातल्या घशात राहतात, आणि जी दिसतात त्यातलीही निम्मी एकमेकांची जुळी भावंडं. थोड्या वेळाने काकू दमल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

सर खुर्चीत बसून राहिले. इतकी वर्षं त्यांनी ओठ वाचायला शिकवलं, पण स्वतः कधी वाचले नव्हते. वाचायची वेळच आली नव्हती. कान शाबूत होते ना! पोहायला येत नसलेल्या माणसाने जन्मभर काठावरून पोरांना पाण्यात ढकलावं, तसं झालं होतं. त्या दुपारी आरशासमोर बसलेली एकेक पोरं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली आणि सरांना पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. खरी लाज, जी कोणी बघत नसताना वाटते ती.

संध्याकाळी लेक आली. सर तिच्यासाठी चहा घेऊन गेले आणि दारातच थबकले. काकूंचे हात चालले होते. उशीवर रेललेल्या, गळ्याला जाळी लावलेल्या काकू भराभरा, न थांबता, दोन्ही हातांनी, भुवयांनी, खांद्यांनी बोलत होत्या. लेक मध्येच काहीतरी विचारत होती, काकू तिला हातानेच झिडकारून पुढे सांगत होत्या. रेडिओ सुरू होता. मग दोघी एकदम हसल्या. काकूंच्या हसण्याला आता आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

"हे कधीपासून?" सरांनी विचारलं.

काकूंची नजर दाराकडे गेली तशी लेक वळली, आणि सरांनी पुन्हा विचारलेलं तिने ओठांवरून वाचलं. मग तोंडाने, त्यांनीच शिकवलेल्या त्या सपाट, जड आवाजात म्हणाली, "मी शाळेत जायला लागले तेव्हापासून, बाबा. टाकीमागे शिकायचे, घरी येऊन आईला शिकवायचे. भांडी घासताना."

"आणि मला…"

"दाराबाहेर तुमची पावलं वाजली की आई माझं मनगट दाबायची."

सरांनी चहाची बशी खाली ठेवली. काकूंनी लेकीकडे बघून काहीतरी खूण केली: दोन्ही हात कमरेमागे नेले आणि चेहरा ताठ केला. लेक ओशाळली.

"याचा अर्थ काय?" सरांनी विचारलं.

"तुम्ही," लेक म्हणाली. "बाबा म्हणायची आमची खूण आहे ती."

त्यानंतर घरात पाटी आली. काकू पाटीवर लिहायच्या: औषध संपलं. दार लावा. उशी. पण पाटीवर पडद्यांची निंदा कोण लिहीत बसणार? गंमत लिहून पुरी होईपर्यंत तिची गंमत निघून जाते. गळ्याला लावायचं एक यंत्र डॉक्टरांनी दिलं होतं; काकूंनी ते एकदा लावलं, त्यातून निघालेला घरघराट ऐकला आणि यंत्र कपाटात गेलं. सरांशी पाटीपुरतं आणि लेकीशी मन भरून, असं चाललं. घर इतकं शांत झालं, की सरांना पेपर वाचवेना. त्या सगळ्या "हं, हं" मागे बायको काय काय बोलत होती ते आठवायचा ते प्रयत्न करत, आणि काही म्हणता काही आठवत नसे.

मग तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी दुसरी बातमी दिली. दुखणं फुप्फुसात उतरलं होतं. आता औषधं फक्त वेदनेची.

रस्त्यात लेकीचा हात धरून सर म्हणाले, "मला शिकव. ती आहे तोवर मला तिच्याशी बोलायचंय. पाटीवरचं नाही, तुझ्याशी बोलते तसं. तू शिकव मला."

लेकीने त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. ओठ वाचता आले नाहीत म्हणून नव्हे. मग म्हणाली, "मी नाही शिकवू शकणार, बाबा. तुमचे हात धरून शिकवायला लागले तर मला इतकं रडू येईल, की राहूनच जाईल शिकवायचं. तुम्ही शाळेत जा. पालकांचा वर्ग असतो तिथे."

बोलावणं दारातून परत पाठवलेला माणूस त्या दारातून आत कसा जाणार? पण सर गेले. टाळत होते त्याच बसने गेले. नव्या बाईंनी त्यांना पाहिलं, क्षणभर डोळे मिटले आणि मागचा बाक दाखवला. वर्गात सगळे विशीतिशीतले आईबाप, कुणाच्या मांडीवर पोर. मध्ये हे पांढऱ्या केसांचे मोठे सर. बाईंच्या वर्गाचा नियम साधा होता: तोंड बंद. सरांची बोटं काठीसारखी ताठ. ते 'भूक' करायला गेले की काहीतरी भलतंच व्हायचं आणि मांडीवरची पोरं खिदळायची. बाई यायच्या, त्यांची बोटं धरून वळवायच्या आणि पुढे जायच्या. कधी एक शब्द टोचून बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर सरांना सोपं गेलं असतं.

एकदा वर्ग सुटल्यावर ते ओसरीत थांबले. मधली सुट्टी होती. टाकीमागे कोणीच नव्हतं. पोरं भर अंगणात हात उडवत भांडत होती, चहाड्या करत होती. एक बोटभर पोरगी बाईंचा पदर ओढून हातांनी विचारत होती (सरांना अर्थ शेजारच्या एका आईने सांगितला), की मुंग्या झोपतात कुठे? बाईंनी हात झटकून सांगितलं, मला नाही माहीत, चल बघू. आणि दोघी भिंतीपाशी उकिडव्या बसल्या. सरांच्या शाळेत 'मुंगी' म्हणता यायला पोरांना महिनोन्महिने लागायचे. ती झोपते कुठे, हे कोणी विचारल्याचं त्यांना आठवेना. त्यांना तिथेच भडभडून आलं. बदल वाईट नसतो, आपल्याला बदलायला सांगितलं हा अपमान नव्हता, हे सगळं त्यांना त्या अंगणात उभ्या उभ्या कळलं. कळून उपयोग काय? ज्यांना ते वेळेवर कळायला हवं होतं ती मुलं केव्हाच मोठी होऊन गेली होती.

घरी मात्र थोडे दिवस चांगले गेले. सर बसमधून उतरले की धापा टाकत जिना चढत आणि शिकून आलेले शब्द काकूंसमोर मांडत. काकू पोट धरून हसत. एकदा सर मोठ्या ऐटीत 'तू माझी बायको' म्हणायला गेले आणि काकूंनी लेकीला जवळ ओढून हातांनी सांगितलं, बघ, मला म्हैस म्हणतायत. मग त्यांचा अंगठा धरून सरळ केला. इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी सरांना काही शिकवण्याची ही पहिलीच वेळ. सरही पहिल्यांदाच बायकोकडे बघत होते, कारण या भाषेत पेपराआडून "हं" म्हणता येत नाही. आता त्यांना 'दुखतंय' कळायचं, 'बसा इथे' कळायचं, 'आज छान दिसताय' कळायचं. हे शेवटचं कळलं तेव्हा ते म्हातारपणी लाजले.

पण दुखणं त्यांच्यापेक्षा जलद शिकत होतं. काकू वाळत गेल्या. श्वास जाळीतून शिट्टीसारखा वाजू लागला.

एका दुपारी लेक कामावर गेली होती. सर काकूंच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होते. काकूंनी रुमाल बाजूला केला, त्यांना समोर बसवलं आणि हात उचलले.

त्या बोलायला लागल्या. दुखण्याबद्दल नव्हतं, पाण्याबद्दल नव्हतं. मोठं काहीतरी होतं. हात थकलेले होते, खुणा अर्ध्यावर विरत होत्या, एकीत दुसरी मिसळत होती. सरांनी 'मुलगी' टिपलं. 'तेव्हा' टिपलं. 'तुम्ही' दोनदा आलं. 'घर', की 'दार'? पुढे एक लांबच लांब वाक्य आलं आणि ते सरांच्या हातून पूर्ण निसटलं. काकूंचे डोळे भरून आले होते, मध्येच त्या हसल्याही. सर जीव डोळ्यांत आणून बघत होते. 'थांब, हळू, पुन्हा' ही खूण बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवली होती. ती त्यांच्या बोटांपर्यंत आली. पण काकूंच्या तोंडावर इतका आनंद होता, इतक्या वर्षांनी नवऱ्याशी आपल्या मनातलं बोलल्याचा, की त्यांना थांबववेना.

काकूंचे हात पांघरुणावर पडले. भुवया उंचावून त्यांनी विचारलं, कळलं ना?

सरांनी मान हलवली. हो.

काकूंनी सुटल्यासारखा श्वास सोडला, त्यांच्या हातावर थोपटलं आणि डोळे मिटले. सर मनाशी म्हणाले, उद्या लेक आली की परत विचारू. पण त्यानंतर काकूंचे हात उचललेच गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत त्या गेल्या.

माणसं येऊन गेली. आठवड्याने लेक आईचे कपडे आवरायला आली. सर पलंगाच्या कडेवर बसून होते. घड्या घालता घालता ती थांबली आणि तिने तोंडाने विचारलं, "शेवटी काही बोलली का आई? तुमच्याशी?"

सर हातांनी बोलले. चुकत, अडखळत, पण हातांनीच. "बोलली. खूप बोलली. मला नाही कळलं. कळलं का विचारलं, तर मी मान हलवली." आणि मग हात थांबले, कारण त्यांचे खांदे गदगदायला लागले होते. "मी मान हलवली," एवढंच त्यांनी पुन्हा केलं. "तिला वाटलं मला कळलं. आता कोणाला विचारू?"

लेक त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिनेही तोंड मिटून घेतलं आणि त्यांना दिसेल अशा बेताने, सावकाश, हातांनी म्हणाली, "आम्ही सगळी तेच करायचो, बाबा. तुम्ही एवढं घसा फोडून शिकवायचा आणि विचारायचा, कळलं? आम्हाला काही कळलेलं नसायचं. पण आम्ही मान हलवायचो. मीसुद्धा. रोज. तुमचा चेहरा इतका खुलायचा, की नाही म्हणवत नसे."

हे मात्र सरांना शब्दन् शब्द कळलं.

ते लेकीकडे बघत राहिले. लहानपणापासूनची सगळी जेवणं, सगळे आरसे, सगळे शहाण्यासारखे होकार त्यांच्यासमोर जमिनीवर बसले होते, चाळिशीला आलेले, डोळे सुजलेले. मग त्यांनी तिला खूण केली, की सांग. काय सांगू, तिने विचारलं. काहीही, म्हणाले, आईचं सांग. तुम्ही आत काय हसायचात ते सांग.

लेक सांगायला लागली. आधी हळू, मग आठवणी दाटून आल्या तशी भरभर, आईसारखीच, खांद्यांसकट. थोडं कळलं, मग कमी, मग काहीच नाही. तिने मध्ये थांबून भुवया उंचावल्या.

सरांनी मान हलवली नाही. "कळलं नाही," ते हातांनी म्हणाले. काकूंना त्यांनी एवढंच सांगायला हवं होतं, आणि तेवढं त्यांच्याने झालं नव्हतं.

लेकीने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांना पुन्हा कळलं नाही, तसं त्यांनी पुन्हा म्हटलं. कपडे पलंगावर तसेच पडून राहिले.